चेकमधले चोवीस डॉलर

(सल्ल्याच्या सदरातलं एक पत्र आणि मावशींचं उत्तर, फेब्रुवारी २०१३. यातले दर, मर्यादा, मुदती आणि फॉर्म तेव्हाचे.)

मावशी, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नणंदेने अर्ज केला होता, त्यावर ग्रीन कार्ड मिळून २००८ साली इकडे आलो. मी एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे काम करते. तासाला १५ डॉलर, दोन आठवड्यांचे ८० तास, म्हणजे चेक १,२०० चा. कापून हातात येतात ते वेगळे. हे एका वेअरहाउसमध्ये आहेत, वर्षाला ४२,०००. मुलगी पाचवीत आहे.

दुकानाचे मालक आपलेच, सोलापूरकडचे. आजवर कधी वाकडं बोलले नाहीत. पण यंदा, २०१३ च्या जानेवारीपासून, माझा पगार कमी येतोय. ४ जानेवारीचा चेक नेहमीसारखा होता. १८ जानेवारीचा जवळपास ४८ डॉलरनी कमी. १ फेब्रुवारीचा २४ नी कमी. तास तेच, काम तेच. मालकांना विचारलं तर म्हणाले, "टॅक्स वाढलाय, वरून आलंय." पण बातम्यांत तर सांगत होते की मध्यमवर्गाचा टॅक्स वाढला नाही, फिस्कल क्लिफ, म्हणजे नव्या वर्षात एकदम येणारी मोठी करवाढ आणि खर्चकपात, टळला. मग माझाच कसा वाढला? आणि वाढला असेल तर एकदा ४८, एकदा २४ असं कसं? ह्यांच्या चेकमध्ये माझ्याहून जास्त फरक पडलाय. ते म्हणतात, दोघांचेही मालक चोर आहेत, तू आधी तुझ्या मालकाला जाब विचार.

या सगळ्यात वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, हळदीकुंकवाला बोलावलं होतं, तर मी गेले नाही. मन झालं नाही.

सासूबाईंना दरमहा १०,००० रुपये पाठवतो. हे म्हणतात आता ५,००० पाठवू. पूर्वी सगळं भागायचं, आता भागत नाही. आणखी एक. २०१० साली आमचा टॅक्सचा रिफंड असाच अचानक कमी आला होता, तेव्हाही कारण कळलं नव्हतं. गेल्या वर्षी चौदाशेच्या आसपास आला. आणि गेली दोन वर्षं कमी टॅक्स कापला म्हणून पुढे आमचं पेन्शन कमी होणार का, असं मैत्रीण म्हणाली, तेही सांगा. नाव छापू नका.

*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. मी एका छपाई कारखान्यात बावीस वर्षं पगारपत्रक करते आहे, अजूनही आठवड्यातले तीन दिवस जाते. तुझे आकडे मांडले तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत कळलं की तुझ्या मालकांनी तुझा एक सेंटही घेतलेला नाही. हे आधी सांगते, कारण मला वाटतं तुला झोप न येण्याचं कारण पैशापेक्षा हे जास्त आहे.

तुझ्या चेकसोबत जो पे-स्टब, म्हणजे पगाराची चिठ्ठी, येतो तो समोर घे. सगळ्यात वर तास, दर आणि ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, असतं. ८० गुणिले १५, बाराशे. हे डिसेंबरात जेवढं होतं तेवढंच आहे ना? मग मालकांचा हात तिथवरच पोचतो. तास खाल्ले, दर पाडला, ओव्हरटाइम बुडवला, तर ते वरच्या ओळीत दिसतं. खालच्या कपातीत जे होतं ते मालकांच्या मनाचं नसतं, सरकारच्या तक्त्याचं असतं.

आता खाली ये. एक ओळ सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनसाठीच्या कपातीची, असेल. कुठे तसं पूर्ण लिहितात, कुठे 'ओएएसडीआय', कुठे नुसतं 'एसएस'. २१ डिसेंबरच्या स्टबवर त्या ओळीत ५०.४० असणार. १८ जानेवारीच्या स्टबवर ९८.४०. १ फेब्रुवारीच्या स्टबवर ७४.४०. मी तुझा स्टब पाहिलेला नाही, पण बाराशे ग्रॉस असेल तर याहून वेगळे आकडे येणं कठीण.

बाराशेचे ४.२ टक्के म्हणजे ५०.४०. बाराशेचे ६.२ टक्के म्हणजे ७४.४०. मधला फरक २४. तुझे चोवीस डॉलर ते हेच.

सोशल सिक्युरिटीची नोकरदाराची कपात मुळात ६.२ टक्केच आहे. तेवढेच ६.२ टक्के मालक स्वतःच्या खिशातून भरतो. २०११ आणि २०१२ या दोन वर्षांसाठी सरकारने नोकरदाराची बाजू ४.२ वर आणली होती. मंदीत लोकांच्या हातात दोन पैसे जास्त खेळावेत, ते बाजारात खर्च व्हावेत, म्हणून. ही सवलत तात्पुरती होती आणि ती ३१ डिसेंबर २०१२ ला संपली. म्हणजे तुझ्यावर नवा टॅक्स बसलेला नाही. जुनाच दर परत आला. आणि हेही ध्यानात घे की ती सवलत फक्त कामगारांच्या बाजूला होती. तुझे मालक त्या दोन्ही वर्षी तुझ्यामागे ६.२ टक्केच भरत होते, आजही तेवढेच भरताहेत. या अदलाबदलीत त्यांना ना काही मिळालं, ना त्यांचं काही गेलं.

मग एकदा ४८ का? त्याचं उत्तर वॉशिंग्टनच्या घोळात आहे. नव्या वर्षाचा कायदा ठरता ठरता २ जानेवारी उजाडली, त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कपातीचे तक्ते त्यानंतर आमच्यासारख्यांच्या हाती. तुझा पहिला चेक ४ तारखेचा. तुझ्या दुकानाचा पगार करणाऱ्याने तो जुन्या तक्त्यानेच करून ठेवला असणार, म्हणून त्यात ५०.४० च कापले गेले. आयआरएसने, म्हणजे टॅक्स खात्याने, मालकांना सांगितलं होतं की नवा दर लवकरात लवकर, १५ फेब्रुवारीपर्यंत, लावा, आणि मधल्या चेकमध्ये जे कमी कापलं गेलं ते ३१ मार्चच्या आत वळतं करून घ्या. तुझ्याकडे ते १८ तारखेलाच केलं. त्या चेकचे २४ आणि मागच्या चेकचे राहिलेले २४, मिळून ४८. पुढच्या चेकपासून नुसते २४. हिशोब बसला की नाही?

तू म्हणशील, ४ जानेवारीचा चेक तर डिसेंबरात केलेल्या कामाचा होता, त्याला नवा दर कसा? आमच्या कारखान्यातही चार जणांनी हेच विचारलं. कपातीचा दर काम कधी केलं यावर ठरत नाही, पगार कधी दिला यावर ठरतो. हातात चेक जानेवारीत पडला, की तो जानेवारीच्या दराचा.

बातम्यांचंही ऐक. त्या खोट्या नव्हत्या, अर्धवट होत्या. इन्कम टॅक्सचे दर एकट्याचं ४ लाख आणि जोडप्याचं साडेचार लाख डॉलर उत्पन्न होईपर्यंत वाढले नाहीत, हे खरं. सगळा गदारोळ त्याच्यावर चालला होता. सोशल सिक्युरिटीची सवलत चालू ठेवा म्हणून या वेळी कुणी फारसा जोर लावला नाही, ती गुपचूप गेली. वर्षभरापूर्वी असं नव्हतं. डिसेंबर २०११ मध्ये हीच सवलत संपायची वेळ आली तेव्हा व्हाइट हाउसने लोकांना विचारलं होतं, दर चेकमागे ४० डॉलर गेले तर तुमच्या घरात काय अडेल, ते लिहा. वर्षाला ५०,००० मिळवणाऱ्याचा हिशोब होता तो. तेव्हा आधी दोन महिन्यांची मुदत मिळाली आणि मग फेब्रुवारीत उरलेल्या वर्षाची. या वेळी चाळीस डॉलरचं नाव कुणी काढलं नाही. तू गोंधळलीस यात तुझी काहीच चूक नाही.

तुझ्या ह्यांच्या चेकमध्ये जास्त फरक का, तेही पाहू. वर्षाचे ४२,००० म्हणजे दोन आठवड्यांचे साधारण १,६१५. त्याचे दोन टक्के ३२ डॉलर ३१ सेंट. तुझ्याहून पगार जास्त, म्हणून फरकही जास्त. पण तेवढंच नाही. न्यू जर्सीत बेकारी विमा, अपंगत्व विमा, कौटुंबिक रजेचा विमा यांच्याही छोट्या छोट्या कपाती असतात, आणि त्या वर्षाच्या पहिल्या सुमारे ३०,००० डॉलर पगारावरच होतात. त्यांचा तेवढा पगार सप्टेंबरच्या सुमारास पुरा होतो. मग त्या ओळी बंद पडतात आणि डिसेंबरपर्यंत चेक थोडा फुगतो. जानेवारीत त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू. तुझा पगार जेमतेम त्या मर्यादेइतका, म्हणून तुला हे जाणवत नाही. त्यांनी डिसेंबरचा चेक आणि जानेवारीचा चेक शेजारी ठेवले, तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच फटक्यात दिसणार. त्यांना सांग, जानेवारी २०१२ चा स्टब काढा आणि त्याच्याशी ताडून बघा. मग उरेल तो फरक बहुतेक दोन टक्क्यांचाच असेल. कामावर जाऊन भांडायच्या आधी हे नक्की करा. वेअरहाउसमधली नोकरी रागाच्या भरात घालवायची नसते.

आता २०१० च्या रिफंडकडे येते, कारण ती याच गोष्टीची आधीची बाजू आहे.

फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी मोठ्या प्रोत्साहन कायद्यावर सही केली. त्यात काम करणाऱ्यांसाठी एक तात्पुरतं टॅक्स क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून थेट वजा होणारी सूट, होतं, 'मेकिंग वर्क पे' नावाचं. २००९ आणि २०१० या दोन वर्षांसाठी. कमाईच्या ६.२ टक्के, पण एकट्याला जास्तीत जास्त ४०० आणि जोडप्याला ८०० डॉलर. हे पैसे चेक लिहून घरी पाठवले नाहीत. त्याच्या आधल्या वर्षी, २००८ मध्ये, बुश सरकारने तसे रिबेटचे चेक घरोघरी पाठवले होते. या वेळी ठरलं की पगारातली इन्कम टॅक्सची कपातच थोडी कमी करायची, म्हणजे पैसे हळूहळू हातात येतील आणि लोक ते बाजूला न टाकता खर्च करतील. १ एप्रिल २००९ पासून नवे तक्ते लागू झाले. आमच्या कारखान्यात त्या दिवशी प्रत्येकाच्या चेकमध्ये दहा-पंधरा डॉलर वाढले. एक माणूस विचारायला आला नाही. एकही नाही. आणि गेल्या महिन्यात, जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी, माझ्या खिडकीपाशी जेवणाच्या सुट्टीत रांग लागली होती, हातात स्टब घेऊन. बाइंडिंगमधल्या एका बाईने तर तो चारदा घडी घालून मुठीत धरला होता, उलगडताना फाटला.

हे आमच्याकडेच नाही. २०१० मध्ये झालेल्या एका जनमत चाचणीत, सरकारने बहुतेकांचा टॅक्स कमी केला आहे हे दहातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. महागाई भत्ता वाढला की तो पुढच्या पगारात मिसळून जायचा, कुणाच्या लक्षात राहायचा नाही. पण मागच्या महिन्यांचा फरक एकदम मिळाला, की घरात सण असायचा. एका फरकातून आईने पितळेचं मोठं पातेलं घेतलं. पुढची तीस वर्षं त्याला आम्ही 'फरकाचं पातेलं' म्हणत आलो. एकरकमी आलेला पैसा असा नाव घेऊन राहतो. चेकमधून ठिबकणारा पैसा दुधाच्या गॅलनमध्ये आणि पेट्रोलमध्ये जिरतो. तो येतो तेव्हा कुणी बघत नाही, जातो तेव्हाच दिसतो.

तर तुमचा रिफंड कमी का आला? त्या तक्त्यांत एक खोट होती. तुझ्या दुकानाला ह्यांचा पगार माहीत नाही, आणि वेअरहाउसला तुझा. दोन्ही ठिकाणी प्रत्येकाने आपापल्या तक्त्याप्रमाणे कपात कमी केली, जणू घरात दुसरं कुणी कमावत नाही. क्रेडिट मात्र दोघांत मिळून ८०० च. दोन ठिकाणी मिळून त्याहून जास्त सूट दिली गेली असेल, तर वरचे पैसे रिटर्न भरताना वसूल होणार. कुणाचा रिफंड आटला, कुणाला उलट भरावे लागले. दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्यांचं, पेन्शन घेणाऱ्यांचं, आईवडिलांवर अवलंबून असलेल्या कमावत्या मुलांचं हेच झालं. शिवाय ते क्रेडिट मिळवायला 'शेड्यूल एम' नावाचा वेगळा कागद भरावा लागायचा. २००९ च्या तुमच्या रिटर्नमध्ये तो आहे का, एवढं बघून ठेव. नसेल तर ज्याने रिटर्न भरलं त्याला लगेच फोन कर. २००९ च्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करून परतावा मागायची मुदत तीन वर्षांची, म्हणजे १५ एप्रिल २०१३ पर्यंतच आहे.

२०११ सुरू झालं तेव्हा ते क्रेडिट गेलं आणि त्याच्या जागी ही दोन टक्क्यांची सवलत आली. तुमच्या घरापुरता हिशोब मी केला. तुझे वर्षाचे ३१,२०० आणि ह्यांचे ४२,०००, मिळून ७३,२००. त्याचे दोन टक्के १,४६४ डॉलर. आधी ८०० मिळत होते, ते १,४६४ झाले. 'पूर्वी सगळं भागायचं' असं तू लिहिलंस, ते 'पूर्वी' हे होतं. महिन्याला १२२ डॉलर.

पण सगळ्यांचं असं वाढलं नाही, आणि याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. ४०० डॉलर म्हणजे २०,००० चे दोन टक्के. ज्याची कमाई त्याच्या खाली, त्याला नव्या सवलतीत आधीपेक्षा कमी मिळालं. आमच्याकडे पॅकिंगला काही बायका आठवड्याचे २५ तास काम करतात, तासाला ७.२५. वर्षाचे ९,४२५. त्यांना क्रेडिटमध्ये ४०० मिळत होते, नव्या सवलतीत १८८.५०. आणि सोशल सिक्युरिटी ज्या पगारापर्यंत कापली जाते ती मर्यादा २०११ मध्ये १,०६,८०० होती, तेवढ्या पगारवाल्याला २,१३६ मिळाले. ज्या हाताला पैशाची सगळ्यात जास्त गरज, त्याच हातात आधीपेक्षा कमी आलं. तात्पुरती सवलत द्यायची तर निदान स्टबवर एक ओळ छापा, 'ही सवलत अमुक तारखेला संपेल'. मी आमच्या मालकांच्या परवानगीने २०१२ च्या डिसेंबरात असा एक कागद नोटीस बोर्डावर लावला होता. तरी रांग लागलीच, पण जानेवारीतला राग थोडा कमी झाला असेल.

पेन्शनचं तुझ्या मैत्रिणीला सांग, काळजी करू नको. सोशल सिक्युरिटीचं पुढचं पेन्शन तुझ्या नोंदलेल्या पगारावर ठरतं, किती टक्के कापले यावर नाही. तुझे ३१,२०० हे ३१,२०० म्हणूनच नोंदले गेले आहेत. त्या दोन वर्षांत फंडात जे कमी जमा झालं ते सरकारने आपल्या सर्वसाधारण तिजोरीतून भरून दिलं. मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, १.४५ टक्क्यांना तर त्या सवलतीने हातच लावला नव्हता. पेन्शनला पात्र व्हायला ४० क्रेडिट लागतात (टॅक्सचं क्रेडिट नव्हे, हे कमाईच्या नोंदीचे गुण), वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, यंदा, २०१३ मध्ये, दर १,१६० डॉलर कमाईला एक. चार क्रेडिटना पुरेल एवढी कमाई तुझी १५ फेब्रुवारीच्या चेकबरोबरच पुरी होईल.

मालकांबद्दल मनात काहीच किल्मिष राहू नये म्हणून एक खात्री करून घे. तुला नुकताच २०१२ चा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला, मिळाला असेल, ३१ जानेवारीपर्यंत द्यावाच लागतो. त्यात तिसऱ्या चौकटीत सोशल सिक्युरिटीचा पगार असतो, चौथीत कापलेला टॅक्स. तिसरीत ३१,२०० असेल तर चौथीत १,३१०.४० हवेत. तेवढे असतील तर गेल्या वर्षी तुला सवलत पूर्ण मिळाली, मालकांनी मधे काही ठेवून घेतलं नाही. आणि ते पुढे जमा झालं का, हे बघायला मे २०१२ पासून सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर स्वतःचं खातं उघडता येतं. वर्षावर्षाचा पगार तिथे दिसतो. २०१२ चा आकडा चढायला अजून काही महिने जातील, पण २०११ चा असेल. दोघांचंही बघा.

(जाता जाता, ज्यांची मुलं इथे शिकून नोकरीला लागली आहेत त्यांच्यासाठी. विद्यार्थी व्हिसावर असताना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर बहुधा कापत नाहीत. ऑक्टोबरात एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लागला की दोन्ही सुरू होतात, एकदम ७.६५ टक्के. माझ्या पुतण्याने तेव्हा मला रात्री अकराला फोन केला होता. त्यालाही वाटलं होतं, पगार कापला.)

आता घरखर्चाचं. १२२ डॉलर महिन्याला गेले, ते परत येणार नाहीत असंच धरून चल. सवलत पुन्हा लागेल या आशेवर काही घेऊ नका.

तुमचा रिफंड चौदाशेच्या आसपास येतो म्हणालीस. म्हणजे वर्षभर तुमचे चौदाशे डॉलर सरकारकडे बिनव्याजी पडून असतात. ह्यांनी आपल्या डब्ल्यू-४ मध्ये, म्हणजे किती टॅक्स कापायचा ते मालकाला सांगणाऱ्या फॉर्ममध्ये, यंदा (२०१३) एक अलाउन्स, म्हणजे कपात कमी करणारा आकडा, वाढवला तर त्यांच्या चेकमध्ये दर वेळी साधारण २२ डॉलर जास्त येतील. वर्षाचे सुमारे ५८५. रिफंड तेवढा कमी होईल, हे आधीच मनाशी पक्कं करा. हा नवा पैसा नाही, तुमचाच पैसा लवकर हातात येतोय. पण एकट्या ह्यांनीच करा, तू करू नकोस. दोघांनी केलं तर २०१० सारखं होईल. दोन मालकांना एकमेकांचं ठाऊक नसतं, हे मघाशी सांगितलंच. आणि रिफंडमधून दर वर्षी काही ठरलेलं करत असाल, गाडीचा विमा, भारताचं तिकीट, तर मग याला हात लावू नका. तुमची गरज तुम्हाला माहीत.

सासूबाईंच्या पैशाबद्दल तू माझं मत विचारलं नाहीस, पण मी सांगते. डॉलरला ५३ रुपये या २०१३ च्या भावाने १०,००० रुपये म्हणजे १८८-१८९ डॉलर. अर्धे केले तर इथे ९४ वाचतील, आणि तिथे त्यांचं अर्धं उत्पन्न जाईल. त्यांना सोशल सिक्युरिटी नाही, महागाई भत्ता नाही, पत्र लिहून विचारायला पगारपत्रकवाली मावशी नाही. तुमच्या १२२ पैकी ह्यांच्या डब्ल्यू-४ मधून महिन्याला ४८-४९ निघतील. उरले सत्तरेक. त्यासाठी शनिवारी दोघं टेबलाशी बसा आणि २०११ नंतर घरात महिन्याच्या हप्त्याने काय काय आलं ते लिहून काढा. फोनचा मोठा प्लॅन, केबलचे जास्तीचे चॅनल, काही ना काही त्या दोन वर्षांत शिरलेलं असतंच, कारण तेव्हा हातात पैसे होते. जे सापडेल ते आधी काढा. सासूबाईंचे दहा हजार शेवटच्या ओळीत ठेवा. आणि त्यांनाही खरं काय ते फोनवर सांगा. पैसे न कापता नुसतं सांगितलं तरी त्या दोन वेळा तुझी चौकशी जास्त करतील.

१५ तारखेच्या शुक्रवारी तुझा पुढचा चेक येईल. सोशल सिक्युरिटीच्या ओळीत ७४.४० बघ. तेवढे असतील तर काही विचारायचं नाही. पुन्हा ९८.४० दिसले तर मात्र पगार करणाऱ्याची चूक झाली आहे, तेव्हा मालकांना शांतपणे स्टब दाखव, ते दुरुस्त करून देतील.

आणि रविवारी १७ ला रथसप्तमी आहे. तोवर हळदीकुंकू चालतं. वहिनींना फोन कर, म्हणावं, त्या दिवशी जमलं नाही, आज येते. पगाराचं काही बोलू नकोस, त्यांना ते माहीतही नसेल. तिळगूळ घरचा घेऊन जा.